सस्पेन्शन कडक केलं की गाडी रस्ता जास्त धरते का?

पाऊस ओसरला, कासला फुलं आली की शनिवार-रविवारी यवतेश्वराच्या घाटात गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत दोन-चार हॅचबॅक हमखास अशा असतात, की टायर आणि मडगार्डच्या फटीत दोन बोटंही जाणार नाहीत. पहिला गतिरोधक त्या तिरक्या होऊन चढतात. दुसऱ्याला मागचे तिघे खाली उतरतात. तिसऱ्याला पोटाखालून ‘खर्रर्र’ असा आवाज येतो आणि चालवणारा सोडून सगळ्यांची तोंडं वाकडी होतात. त्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “सस्पेन्शन केलंय. आता गाडी रस्ता सोडत नाही.”

हे अर्धं खरं आहे. गुळगुळीत डांबर असेल तर खरं आणि आपल्या रस्त्यावर बरंचसं उलटं. असं का, हे कळायला थोडं गणित लागतं, पण ते सातवीच्या पुढचं नाही.

हा लेख एका विशिष्ट वाचकासाठी आहे. रोज घर ते एमआयडीसी, महिन्यातून एकदा पुणे, आणि वर्षातून एखाद-दोनदा ट्रॅक-डे. ट्रॅक-डे म्हणजे पैसे भरून रेसट्रॅकवर आपलीच गाडी पळवायचा दिवस. आता हिशेब करा. साताऱ्याहून कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे अकराशे किलोमीटरच्या आसपास आहे. ट्रॅकची एक फेरी २.१ किलोमीटरची. थांबत-थांबत दिवसभरात ४० फेऱ्या मारल्या तरी ८४ किलोमीटर. जाऊन-येऊन मात्र बावीसशे. शिवाय वर्षभरातले दहा-बारा हजार किलोमीटर इथेच, उसाच्या ट्रॉल्यांनी दाबून लाटा पाडलेल्या रस्त्यांवर. सस्पेन्शनवरचा प्रत्येक रुपया या हिशेबासमोर ठेवून खर्च करायचा.

स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप तिला गप्प बसवतो

सस्पेन्शन म्हणजे चाक आणि गाडीचं अंग यांच्यामधली सगळी यंत्रणा. त्यातली दोन पात्रं मुख्य. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. ती दबते आणि परत उसळते. शॉकअप वजन पेलत नाही. स्प्रिंगची उसळी जिरवणं, एवढंच त्याचं काम.

वाड्यातला झोपाळा आठवा. एकदा झोका दिला की तो येत-जात राहतो. थांबवायचा तर पाय जमिनीला घासावा लागतो. झोपाळा म्हणजे स्प्रिंग, घासणारा पाय म्हणजे शॉकअप. पाय नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी पुढच्या शंभर मीटरपर्यंत होडीसारखी डुलत जाईल.

शॉकअपच्या आत तेल असतं आणि दांड्याच्या टोकाला बारीक भोकांचा पिस्टन. पाण्यात हात हळू घातला तर सहज जातो, तोच हात जोरात आपटला तर पाणी लागतं. शॉकअपचं तसंच आहे. चाक जितक्या वेगाने हलेल तितका त्याचा विरोध जास्त. दबताना तो कमी विरोध करतो आणि उसळताना बराच जास्त, रोजच्या गाड्यांत साधारण दोन-तीन पट. स्प्रिंगमध्ये साठलेली ताकद उसळतानाच बाहेर पडते, म्हणून.

खड्ड्यात उतरायला चाकाकडे किती जागा आहे?

सगळ्या विषयाचा कणा हा आहे, त्यामुळे इथे जरा थांबू.

स्प्रिंगचा ताठपणा किलोत मोजतात. ‘दोन किलोची स्प्रिंग’ म्हणजे २ किलो वजन ठेवलं की १ मिलिमीटर दबणारी. साध्या हॅचबॅकच्या पुढच्या एका कोपऱ्यावर, चाकाचं स्वतःचं वजन सोडून, समजा २६० किलो भार आहे आणि कंपनीची स्प्रिंग दोन किलोची आहे. म्हणजे गाडी नुसती उभी असताना ती स्प्रिंग १३० मिलिमीटर दबलेली असते. आता त्याच जागी बाजारातल्या कॉइलओव्हर संचात, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या स्प्रिंग-शॉकअपच्या संचात, येते तशी पाच किलोची स्प्रिंग घाला. ती फक्त ५२ मिलिमीटर दबते.

गाडी वेगात असताना समोर ७० मिलिमीटर खोल खड्डा आला. गाडीचं जड अंग इतक्या झटकन खाली येऊ शकत नाही, त्यामुळे चाकाने एकट्यानेच खाली उतरायचं असतं. त्याला खाली ढकलणारी स्प्रिंगच. दोन किलोच्या स्प्रिंगकडे १३० मिलिमीटरची शिल्लक आहे, त्यामुळे शॉकअपचा दांडा संपेपर्यंत ती चाकाला जमिनीवर दाबत राहते. पाच किलोच्या स्प्रिंगची शिल्लक ५२ मिलिमीटरलाच संपते. पुढचे १८ मिलिमीटर चाक अधांतरी. अधांतरी चाकाला ना ब्रेक लागतो, ना स्टिअरिंगचं ऐकू येतं.

कडक गाडी खड्ड्यांच्या रस्त्यावर ‘उड्या मारते’ म्हणतात ते हेच. तक्रार कंबरेची वाटते, पण खरं नुकसान पकडीचं आहे.

दुसरा आकडा हेलकाव्यांचा. दोन किलोच्या स्प्रिंगवर हा कोपरा सेकंदाला साधारण १.४ वेळा वर-खाली होईल, पाच किलोच्या स्प्रिंगवर २.२ वेळा. घरगुती गाड्या १ ते १.५ च्या दरम्यान ठेवतात, रेसच्या गाड्या दोनच्या वर. ताठपणा अडीच पट झाला तरी हेलकावे अडीच पट होत नाहीत, कारण हिशेब वर्गमुळाचा आहे. शॉकअप निवडताना हे वर्गमूळ पुन्हा लागेल.

(हा हिशेब पुढच्या चाकांना सरळ लागू पडतो. तिथे बहुतेक गाड्यांत मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात, आणि चाक जेवढं हलतं जवळजवळ तेवढीच स्प्रिंग हलते. मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी आडवी तुळई, असेल तर स्प्रिंग चाकाच्या रेषेत नसते, तिथे आकडे थोडे बदलतात.)

मग वळणावर गाडी कमी कलते, त्याचं काय?

कलते कमी, यात वाद नाही. गैरसमज त्याच्या पुढचा आहे: गाडी कलली नाही म्हणजे बाहेरच्या चाकांवर वजन गेलं नाही.

भरलेल्या एसटीत दांडा धरून उभे आहात. वळण आलं. गुडघे वाकवा नाहीतर ताठ ठेवा, बाहेरच्या पायावर वजन येणारच. ताठ गुडघ्यांनी फक्त झुकायला कमी होतं. गाडीतही किती वजन सरकेल ते तीनच गोष्टी ठरवतात: वळणाचा जोर, गाडीचा गुरुत्वमध्य किती उंच, आणि दोन चाकांमधलं अंतर किती. स्प्रिंगचा ताठपणा या यादीतच नाही.

१,००० किलोची गाडी घ्या. गुरुत्वमध्य अर्धा मीटर उंच, चाकांतलं अंतर १.४५ मीटर. आपल्याच वजनाच्या ८० टक्के जोराने बाहेर फेकली जात असताना, म्हणजे टायर किंचाळायच्या बेताला, साधारण २७६ किलो वजन आतून बाहेर सरकतं. गाडी ३० मिलिमीटर खाली बसवली तर २५९ किलो. फरक १७ किलोचा, म्हणजे पाण्याच्या भरलेल्या जारपेक्षाही कमी.

मग रेसवाले स्प्रिंग कडक का करतात? एक तर अंग कमी कललं की टायर रस्त्यावर सपाट राहतो. दुसरं, स्टिअरिंग वळवल्यावर गाडी डुलायच्या आत उत्तर देते. आणि तिसरं कारण सगळ्यात कामाचं: पुढे कडक की मागे, यावरून आधी कोणतं टोक घसरणार ते ठरवता येतं. टायरवर दुप्पट वजन दिलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. ज्या टोकाला वजनाची फिरवाफिरव जास्त, ते टोक आधी दमतं. आपल्या गाड्यांना इंजिन पुढे आणि ओढही पुढच्याच चाकांना, त्यामुळे वेगात वळताना नाक बाहेर पळतं. मागचं सस्पेन्शन जरा कडक केलं की नाक आत यायला लागतं. ट्रॅकवर मजा येते. पण भर पावसात आंबेनळी घाट उतरताना, अर्ध्या वळणात घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, की हीच मांडणी शेपूट बाहेर काढते. कंपनीने नाक बाहेर पळणारी गाडी मुद्दाम दिलेली असते. घाबरलेल्या माणसाला ती सावरायला सोपी जाते.

खाली बसवल्यावर लोअर आर्मचं काय होतं

चाकाला खालून धरणारा पट्टा म्हणजे लोअर आर्म. कंपनीतून आलेल्या गाडीत तो चाकाकडे जाताना किंचित खाली उतरलेला किंवा सपाट असतो. गाडी ४० मिलिमीटर खाली बसवली की तो चाकाकडे वर चढतो. दिसायला एवढासा फरक, पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये त्याने दोन भानगडी होतात. गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो, त्यामुळे कलायचा जोर उलट वाढतो. आणि वळणात चाक वर दबताना जे वरून आत झुकून टायरला मदत करायचं, ते झुकणं थांबतं किंवा उलटं होतं. म्हणजे फार खाली बसवलेली गाडी कलू नये म्हणून तिला आणखी कडक करावं लागतं, आणि कडक केली की वरचं खड्ड्याचं गणित पुन्हा मानगुटीवर.

म्हणून मर्यादा: २० ते २५ मिलिमीटर. त्याखाली फक्त फोटो चांगले येतात.

आणि गतिरोधक?

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, १७ मीटर त्रिज्येच्या कमानीचा तुकडा. पुढच्या-मागच्या चाकांत २.४५ मीटर अंतर असलेली गाडी त्यावरून जाताना चाकंही त्याच कमानीवर चढलेली असतात, त्यामुळे पोटात फक्त ४४ मिलिमीटर घुसतात. हा गतिरोधक कुठल्याच गाडीला लागणार नाही.

लागतो तो गावकऱ्यांनी एका रात्रीत घातलेला. मीटरभर रुंद आणि १५ सेंटिमीटर उंच. तो अख्खाच्या अख्खा दोन चाकांच्या मधे मावतो आणि पूर्ण १५० मिलिमीटर पोटात घुसतो. कागदावर १६५ मिलिमीटर उंचीची गाडी चार माणसं आणि सामान, म्हणजे ३०० किलो भरल्यावर ३७ मिलिमीटर बसते. उरले १२८. म्हणजे कंपनीची गाडीसुद्धा घासते. ३५ मिलिमीटर खाली आणि सव्वापट कडक स्प्रिंगांवर बसवलेली गाडी भरल्यावर १०० मिलिमीटरवर येते. ऑइल पॅन, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं, तिथे पहिला बळी.

आधी जुनं नीट करा

साठ-सत्तर हजार किलोमीटर झालेली गाडी घेऊन गॅरेजात गेलात की संवाद साधारण असा होतो. “दादा, कॉइलओव्हर टाकायचेत.” मिस्त्री गाडी लिफ्टवर घेतो, पुढचं चाक दोन्ही हातांनी हलवतो आणि म्हणतो, “साहेब, आधी हे बघा.”

बघायचं ते असं. चाक वर-खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ वर धरून हलवलं आणि खेळ जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. ९ आणि ३ वर धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉडचं, म्हणजे स्टिअरिंगने चाक वळवणाऱ्या दांड्याचं, टोक. बारीक खडबडीत रस्त्यावर पुढून ‘खट-खट’ येत असेल तर बहुतेक वेळा लिंक रॉड, जो स्वस्त असतो आणि अर्ध्या तासात बदलून होतो. स्टिअरिंग उभ्या गाडीत वळवताना स्प्रिंग ‘टंग’ करून सुटल्यासारखी वाजत असेल तर स्ट्रटच्या वरचं माउंट किंवा त्यातलं बेअरिंग.

लोअर आर्मचा मागचा बुश म्हणजे लोखंडी नळीभोवतीचं जाड रबर. नवीन असताना ते एकसंध काळं असतं. जुन्या बुशात पहार घालून हलकेच जोर दिला की रबराच्या कडेने चंद्रकोरीसारखी भेग उघडते आणि आतली नळी एका बाजूला बसलेली दिसते. ब्रेक मारल्यावर चाक त्या भेगेइतकं मागे सरकतं. गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते ती यामुळे. यावर लाखभराचे कॉइलओव्हर बसवले तरी चाक सरकतच राहणार.

शॉकअप गेलाय का, हे मडगार्ड दाबून फारसं कळत नाही. अगदीच मेलेला असेल तरच गाडी दोन-तीनदा डुलते. बाहेरून धुळीचा ओलसर थर दिसला तर घाबरू नका, तेलाचा ओघळ असेल तर बदला. खरी परीक्षा काढल्यावर. सरळ उभा धरून दांडा हाताने दाबायचा: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, दाट विरोध हवा. मधे इंचभर दांडा एकदम ‘फुस्स’ सुटला तर आत तेल कमी झालंय किंवा झडप गेली आहे. गॅसचा असेल तर सोडल्यावर दांडा आपणहून हळूहळू बाहेर यायला हवा.

हे सगळं नवीन घालून, अलाइनमेंट करून गाडी चालवा. निम्म्या लोकांचा अपग्रेडचा विचार इथेच बारगळतो, कारण शोरूममधून आणताना गाडी कशी चालायची हे ते विसरलेले असतात.

पैसे कुठे आधी लावायचे

टायरवर. रस्त्याला गाडीतली हीच एक वस्तू टेकते. सहा वर्षं जुन्या, कडक झालेल्या टायरवर जगातलं कुठलंही सस्पेन्शन काही करू शकत नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडी तारीख असते, ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. मात्र फार पातळ कडांचे टायर आणि मोठ्या रिम घेऊ नका. टायरची कड हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे आणि खड्ड्यात रिम वाकण्यापासून तीच वाचवते.

त्यानंतर अलाइनमेंट. यात दोन शब्द समजून घ्या. टो म्हणजे वरून पाहिलं तर दोन्ही पुढची चाकं एकमेकांकडे वळलेली की बाहेर फाकलेली. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर चाक वरच्या बाजूला आत झुकलं आहे की बाहेर. आत झुकलं तर उणे. रोजच्या वापराला उणे अर्धा ते एक अंश ठीक. ट्रॅकवर उणे दीड ते अडीच लागतो, कारण गाडी कलल्यावर बाहेरचं चाक तेव्हाच सपाट टेकतं. बऱ्याच गाड्यांत पुढच्या चाकांचा कॅम्बर बदलायची सोयच नसते. स्ट्रट जिथे चाकाच्या हबला जोडतो तिथल्या वरच्या बोल्टऐवजी एका बाजूला फुगलेल्या पोटाचा कॅम्बर बोल्ट घातला की साधारण दीड अंश मिळतो. रोज आणि ट्रॅक दोन्ही एकाच गाडीवर करायचं तर उणे एक-दीडवर ठेवा, टो जवळजवळ शून्य. टायरची आतली कड खातो तो मुख्यतः चुकीचा टो. कॅम्बरला उगीच दोष मिळतो.

मग शॉकअप. स्प्रिंग शेवटी. लोक नेमकं उलट करतात, कारण स्प्रिंग स्वस्त असते आणि बदल डोळ्यांना दिसतो.

शॉकअपमध्ये ट्विन-ट्यूब म्हणजे नळीत नळी, आणि मोनोट्यूब म्हणजे एकच जाड नळी, तळाशी दाबाखाली नायट्रोजन. मोनोट्यूबमधलं तेल थेट बाहेरच्या भिंतीला टेकतं, त्यामुळे लवकर थंड होतं आणि सलग फेऱ्यांत तेलाला फेस येऊन शॉकअप ढिला पडत नाही. पण बाहेरून दगड लागून नळीला पोचा आला की पिस्टन अडकतो, ट्विन-ट्यूबला त्याने सहसा काही होत नाही. कच्च्या रस्त्याच्या गावाला रोज जाणं असेल तर चांगला गॅसचा ट्विन-ट्यूब घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

आता ते वर्गमूळ. स्प्रिंग दोन किलोऐवजी अडीच किलोची केली तर शॉकअपचा जोर सुमारे १२ टक्के वाढायला हवा. चांगल्या प्रतीचा नवा शॉकअप हे सहज पेलतो. पाच किलोची केली तर ५८ टक्के. ते कंपनीच्या शॉकअपच्या आवाक्याबाहेर आहे. गाडी कडक असूनही डुलत राहते, सगळ्यात वाईट जोडी. म्हणून आपल्या वाचकासाठी शिफारस एवढीच: कंपनीपेक्षा २० ते ३० टक्के कडक स्प्रिंग, उंची २० मिलिमीटरने कमी, आणि त्या उंचीसाठीच बनवलेल्या आखूड दांड्याचे शॉकअप. लांब दांड्याचा शॉकअप खाली बसवलेल्या गाडीत घातला तर पिस्टन तळाजवळ काम करतो आणि वर्षभरात मरतो.

स्प्रिंग कापून तेच होत नाही का?

गाडी खाली येते, हो. सहा वेटोळ्यांची स्प्रिंग एक वेटोळं कापलं की २० टक्के कडकही होते. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि खड्ड्यात चाक पूर्ण लोंबलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटते. परत बसते तेव्हा योग्य जागी बसेलच असं नाही. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर आणखी वाईट. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि ती दिवसेंदिवस बसत जाते किंवा तुटते.

उलट्या टोकाचा उपाय म्हणजे वेटोळ्यांमध्ये घालायचे रबरी बफर, गाडी उंच करायला. तेही नको. ज्या दोन वेटोळ्यांमध्ये ते बसतं ती वेटोळी कामातून जातात आणि शेजारच्यांवर ताण येतो.

मग कॉइलओव्हर कुणी घ्यावेत?

कॉइलओव्हर म्हणजे आट्यांच्या नळीवर बसवलेली स्प्रिंग, कॉलर फिरवून उंची बदलता येते. वर्षातून सहा-आठ ट्रॅक-डे करणाऱ्याने, आणि ज्याच्याकडे रोजसाठी दुसरी गाडी आहे त्याने घ्यावेत. बाकीच्यांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. कॉलर वर फिरवून स्प्रिंग ‘टाईट’ केली म्हणून ती कडक होत नाही, दोन किलोची स्प्रिंग दोन किलोचीच राहते, फक्त गाडी वर येते. आणि आपल्याकडच्या पावसात आट्यांमध्ये चिखल बसून गंजतो. दोन पावसाळे दुर्लक्ष केलं की कॉलर हलत नाही आणि उंची बदलायची सोय संपते. काही संचांत वरच्या रबरी माउंटऐवजी धातूचा गोल जोड येतो. ट्रॅकवर नेमका, पण इथे सहा महिन्यांत डब्यात खडे घालून हलवल्यासारखा वाजतो.

बसवताना काय बिघडतं

सर्वात जास्त होणारी चूक: लिफ्टवर, चाकं लोंबत असतानाच लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट पूर्ण आवळणं. बुशचं रबर नळीला चिकटलेलं असतं आणि पिळ सोसूनच काम करतं. लोंबत्या अवस्थेत आवळला तर गाडी खाली ठेवल्याबरोबर तो कायमचा पिळलेला राहतो, आणि नवाकोरा बुश वर्षभरात फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोनदा पुढे-मागे ढकला आणि मग टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्यापर्यंत आवळा. मागच्या टॉर्शन बीमच्या बुशलाही हेच.

स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय स्ट्रटचं वरचं नट कधीही सोडू नये. दबलेल्या स्प्रिंगमध्ये माणूस मारण्याइतकी ताकद असते. दांडा फिरू नये म्हणून पकडीने धरू नका. चमकत्या दांड्यावर पडलेला एक ओरखडा सील फाडतो आणि महिन्याभरात तेल गळतं. वरून ॲलन की घालून धरा. गन लावून नट गरगरवू नका. हब सोडल्यावर तो ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. शॉकअप, स्प्रिंग नेहमी जोडीने बदला, आणि स्ट्रट खोललाच आहे तर माउंट, बेअरिंग, डस्ट कव्हर, बंप स्टॉप नवीन घाला. मजुरी तीच.

काम सुरू करायच्या आधी चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. झाल्यावर पुन्हा मोजा, डाव्या-उजव्यात ५ मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर काहीतरी नीट बसलेलं नाही. दोन-तीनशे किलोमीटरने स्प्रिंग बसल्यावरच अलाइनमेंट करा, आधी केली तर पुन्हा करावी लागते.

आरटीओ आणि विमा

कंपनीच्या मापातला चांगला शॉकअप टाकणं ही दुरुस्ती. उंची आणि बांधणी बदलणं हा फेरफार, आणि तो मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीशिवायच्या प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. २० मिलिमीटरसाठी कुणी टेप घेऊन उभं राहत नाही हे खरं. पण अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर टेप घेऊनच येतो. बदल त्यांना लेखी कळवा. आणि नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग व वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात, तेव्हा ट्रॅकवर जे होईल ते आपल्या खिशातून, हे धरून चला.

ट्रॅकच्या दिवशी

पहिल्यांदा ट्रॅकवर गेलेल्याचा दिवस सस्पेन्शनमुळे क्वचितच संपतो, ब्रेकमुळे संपतो. डॉट ४ ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांना उकळतं, हवेतली ओल पिऊन जुनं झालं की ही किमान हद्द १५५ वर येते. उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. जाण्याआधी ऑइल बदला, पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक हवेत.

टायरची हवा गार असताना ३२ पीएसआय भरली तर चार-पाच फेऱ्यांनी ३७-३८ होते, दर दहा अंशांना साधारण दीड पीएसआय. बाहेर आल्याबरोबर गरम टायरमधूनच कमी करून ३४-३५ वर आणा. बाजूच्या भिंतीवर बारीक त्रिकोणाची खूण असते. रबर त्या खुणेपर्यंत घासलं गेलं असेल तर हवा बरोबर, खुणेच्या खाली घासलं असेल तर कमी पडतेय. शॉकअपचा विरोध कमी-जास्त करायला क्लिक फिरवायची सोय असेल तर एका वेळी एकाच टोकाचे दोन क्लिक बदला आणि लिहून ठेवा. चारही एकदम फिरवलेत तर कशाने काय झालं ते कळणार नाही.

संध्याकाळी निघण्याआधी गाडी पूर्ण गार होऊ द्या. मग हवा पुन्हा रस्त्याच्या आकड्याला, क्लिक रोजच्या जागी, आणि चारही चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा. दिवसभराच्या तापण्या-थंडावण्यात ते सैल पडतात, आणि सातारा अजून अकराशे किलोमीटर लांब असतं.